कर भरलाय, पावती आहे, तरी 'बाकी' दिसतेय? आधी चलानावरचं वर्ष बघा

डिसेंबरात आमच्या सोसायटीतले एक निवृत्त मास्तर हातात मोबाईल आणि चेहऱ्यावर आठ्या घेऊन आले. "मी जुलैत आयकराचे १८,४६० रुपये भरले. पावती आहे, बँकेच्या पासबुकात नोंद आहे. आणि आयकर खातं म्हणतं तेवढेच बाकी आहेत, वर व्याज. आता परत भरू का?"

नका भरू, म्हटलं. आधी पावती दाखवा.

माझी सगळी नोकरी बँकेच्या काउंटरवर गेली. कागदी चलानं होती तेव्हा त्यांवर शिक्का मारून शाखेचा सात आकडी बीएसआर कोड, तारीख आणि अनुक्रमांक लिहायचं काम माझं होतं. त्यामुळे अजूनही चलान हातात आलं की माझी नजर रकमेकडे जात नाही, वर्षाकडे जाते. मास्तरांच्या चलानावर असेसमेंट इयर (म्हणजे कमाईच्या पुढचं, कर मोजायचं वर्ष) २०२४-२५ होतं. उत्पन्न आर्थिक वर्ष २०२४-२५चं, म्हणजे असेसमेंट इयर हवं होतं २०२५-२६. पैसे सरकारकडे पोचले होते, पण शेजारच्या कप्प्यात जाऊन बसले होते. रिटर्न ज्या कप्प्यात बघतं, तो रिकामा.

दरवर्षी माझ्याकडे जी दहा-पंधरा प्रकरणं येतात त्यांतली बहुतेक याच जातीची असतात. कर बुडवलेला नसतो, हिशोबही फारसा चुकलेला नसतो. पैसा चुकीच्या पत्त्यावर गेलेला असतो, किंवा दोन कागदांवरचे आकडे एकमेकांशी बोलत नसतात. म्हणून कोणतंही पत्र आलं की पैसे भरायची किंवा सीएंना फोन करायची घाई करू नका. रिटर्नची प्रत, फॉर्म २६एएस (तुमच्या पॅनवर जमा झालेल्या कराची नोंद) आणि चलानाची पावती शेजारी शेजारी ठेवा. कोणता आकडा कुठे तुटतो ते पाच मिनिटांत कळतं.

वर्ष चुकलं

हा घोळ २०२६ पासून आणखी वाढलाय, म्हणून इथे जरा थांबतो.

१ एप्रिल २०२६ पासून प्राप्तिकर कायदा २०२५ लागू झाला आणि १९६१ चा जुना कायदा मागे पडला. नव्या कायद्यात असेसमेंट इयर नाही, 'टॅक्स इयर' आहे. ज्या वर्षी कमावलं तेच टॅक्स इयर. ऐकायला सोपं. पण बदलाच्या या काळात एक विचित्र गोष्ट होते. आर्थिक वर्ष २०२५-२६च्या उत्पन्नाचं रिटर्न जुन्या कायद्याखाली, म्हणजे असेसमेंट इयर २०२६-२७. आणि १ एप्रिल २०२६ नंतरच्या कमाईवरचा अॅडव्हान्स टॅक्स नव्या कायद्याखाली, म्हणजे टॅक्स इयर २०२६-२७. आकडे तेच, कमाईची वर्षं दोन. पैसे भरताना 'मला २०२६-२७चा कर भरायचाय' एवढंच डोक्यात ठेवून बसलात तर चूक होणारच. त्याआधी एका चिठ्ठीवर लिहा: 'एप्रिल २०२५ ते मार्च २०२६ या काळातल्या कमाईचा कर.' मग त्या चिठ्ठीशी स्क्रीन ताडून बघा.

(कलमांचे आकडेही नव्या कायद्यात बदललेत, म्हणून या लिखाणात मी कलमं टाळतोय. जुन्या वर्षांबद्दल येणाऱ्या पत्रांवर मात्र जुनीच कलमं दिसतील. ती पाहून बुचकळ्यात पडू नका.)

दुसरी चूक प्रकाराची. वर्ष चालू असताना भरतो तो अॅडव्हान्स टॅक्स, चलानावर १००. वर्ष संपल्यावर रिटर्नच्या आधी भरतो तो सेल्फ असेसमेंट टॅक्स, ३००. आयकर खात्याने थकबाकीची मागणी काढल्यावर भरतो तो रेग्युलर असेसमेंट, ४००. मी स्वतः एकदा जुलैत ३०० ऐवजी १०० निवडलं होतं. चाळीस वर्षं दुसऱ्यांची चलानं तपासणाऱ्या माणसाने. तेव्हा लाजायचं कारण नाही.

दुरुस्ती कशी? आयकर खात्याच्या ई-फायलिंग पोर्टलवर लॉगिन करून 'सर्व्हिसेस'मध्ये 'चलान करेक्शन' आहे. असेसमेंट इयर बदलायचं असेल तर पैसे भरल्यापासून ७ दिवसांच्या आत, कराचा प्रकार बदलायचा असेल तर ३० दिवसांच्या आत. एका चलानाला अशी विनंती एकदाच करता येते, आणि ते चलान कुठल्या रिटर्नमध्ये आधीच वापरलं गेलेलं नसावं लागतं. म्हणून पैसे भरले की पावती त्याच संध्याकाळी चष्मा लावून वाचायची. रिटर्न भरताना वाचू म्हणालात तर सात दिवस कधीच उलटलेले असतात.

मुदत गेली तर? तुमच्या पॅनच्या असेसिंग ऑफिसरकडे अर्ज. तो अधिकारी कोण, कुठल्या वॉर्डात, हे पोर्टलवरच कळतं. अर्ज साधा: कोणतं चलान, त्यावर काय छापलंय, काय हवं होतं, आणि सोबत पावतीची व पॅनची प्रत. आवकचा शिक्का मारून घेतलेली प्रत जवळ ठेवा. मास्तरांनी हेच केलं. त्याच वेळी पोर्टलवर 'रिस्पॉन्स टू आउटस्टँडिंग डिमांड'मध्ये जाऊन 'मागणी मान्य नाही' असं निवडलं आणि चलानाचा तपशील दिला. हे उत्तर देणं फार महत्त्वाचं आहे. मागणीचं पत्र आल्यावर ३० दिवस गप्प बसलात तर त्या रकमेवर दरमहा एक टक्का व्याज चढायला लागतं, आणि पुढचा रिफंड त्यात वळता होतो. मास्तरांची बाकी दोन महिन्यांनी शून्य झाली. त्या दोन महिन्यांत त्यांनी मला सोळा वेळा विचारलं, ते वेगळं.

पैसे कापले गेले, पावती आली नाही

शेवटच्या तारखेच्या रात्री साडेदहाला हे होतंच. खात्यातून रक्कम गेली, स्क्रीन गोल फिरत राहिली, पावती नाही. माणूस घाबरून परत भरतो.

थांबा. 'ई-पे टॅक्स'मध्ये पेमेंट हिस्टरी बघा. पैसे पोचले असतील तर पावती तिथे येते, कधी काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी. पोचले नसतील तर बँक ते खात्यात परत करते. दोन्हींपैकी काहीच दोन-चार दिवसांत झालं नाही तर व्यवहाराचा क्रमांक घेऊन आधी बँकेकडे तक्रार करा, पोर्टलवर नंतर. आणि समजा दोनदा भरलेच, तर ते बुडाले नाहीत. वर्ष आणि प्रकार बरोबर असेल तर रिटर्नमध्ये दोन्ही चलानं दाखवा, जास्तीचे रिफंडात येतात.

आपल्याकडे पुष्कळांचं खातं गावच्या सहकारी बँकेत किंवा पतसंस्थेत असतं आणि कर भरायच्या यादीत ती बँक दिसत नाही. बँकेला एनईएफटी किंवा आरटीजीएसची सोय असेल तर पोर्टलवर तो पर्याय निवडा. एक मँडेट फॉर्म तयार होतो, तो छापून शाखेत द्या. फॉर्मवरचा खाते क्रमांक, आयएफएससी आणि रक्कम जशीच्या तशी जायला हवी. काउंटरवरच्या माणसाने 'राउंड करू का' विचारलं तर नाही म्हणा. या फॉर्मला मुदत असते, ती त्यावरच छापलेली असते. आदल्या महिन्याचा फॉर्म घेऊन जाऊ नका.

टीडीएस कापला, पण २६एएसमध्ये नाही

इथे जरा मुळापासून सांगतो, कारण अर्ध्या लोकांना वाटतं की कंपनीने किंवा बँकेने पगारातून, व्याजातून कराचे पैसे कापले (हाच टीडीएस) म्हणजे ते आपल्या नावावर जमा झाले. तसं नाही. कापणाऱ्याने आधी ते सरकारकडे भरायचे, आणि मग तिमाहीचं विवरणपत्र द्यायचं: अमुक पॅनचे अमुक रुपये. ते विवरणपत्र गेल्यावरच तुमच्या २६एएसमध्ये ओळ उमटते. जानेवारी ते मार्च या तिमाहीचं विवरणपत्र द्यायची मुदत ३१ मे असते. म्हणजे एप्रिलमध्ये 'मी सगळ्यात आधी रिटर्न भरलं' अशी फुशारकी मारणाऱ्याची शेवटची तिमाही कुठेच नसते. फॉर्म १६ यायचा तो जूनच्या मध्यापर्यंत. त्याआधी पगारदारांनी रिटर्नला हात लावू नये, हे माझं ठाम मत आहे.

जूननंतरही ओळ नसेल तर चार शक्यता. कापणाऱ्याने पैसे भरलेच नाहीत. भरले पण विवरणपत्र दिलं नाही. दिलं, पण तुमच्या पॅनमध्ये एक अक्षर चुकलं. किंवा टीडीएस तुमच्याऐवजी दुसऱ्याच्याच नावावर गेला. यांतलं काहीही तुम्ही पोर्टलवर दुरुस्त करू शकत नाही. कापणाऱ्यालाच दुरुस्त विवरणपत्र द्यावं लागतं. त्यामुळे आयकर कार्यालयात खेटे घालण्याऐवजी बँकेला किंवा कंपनीला लेखी पत्र द्या, पॅनची प्रत जोडा, पोच घ्या. तोंडी सांगितलेलं काम तिथेच विरतं, हे मी काउंटरच्या आतल्या बाजूने पाहिलंय.

चौथ्या शक्यतेचं नेहमीचं उदाहरण म्हणजे जोड नावाची मुदत ठेव. पावतीवर पहिलं नाव यजमानांचं, पैसे काकूंच्या माहेरच्या जमिनीचे. टीडीएस पहिल्या नावाच्या पॅनवर जातो. व्याज काकूंनी दाखवलं की टीडीएस त्यांना मिळत नाही, आणि यजमानांच्या २६एएसमध्ये टीडीएस दिसतो पण उत्पन्न नाही. यावर उपाय आहे: पैसे कोणाचे आणि टीडीएस कोणाच्या नावे जायला हवा, याचं घोषणापत्र वर्षाच्या सुरुवातीलाच बँकेला द्यायचं. वर्ष संपल्यावर ते निस्तरायला जड जातं.

ठेवीच्या व्याजाची आणखी एक गंमत. पाच वर्षांची ठेव, व्याज मुदतीअंती. बँक मात्र दरवर्षी साठलेल्या व्याजावर टीडीएस कापते. (एप्रिल २०२५ पासून टीडीएससाठी व्याजाची मर्यादा एका वर्षात ५० हजार, ज्येष्ठांना एक लाख. त्यापलीकडे व्याज गेलं की कापतात.) ठेवीदार म्हणतो, मला पैसे मिळालेच नाहीत, मग उत्पन्न कसं दाखवू? पण टीडीएस मात्र दरवर्षी मागतो. मग पत्र येतं की तुम्ही टीडीएस मागितला, त्याचं उत्पन्न कुठाय? हे 'डिफेक्टिव्ह रिटर्न'चं पत्र. उत्तराला १५ दिवस मिळतात, आणि उत्तर दिलं नाही तर रिटर्न भरलंच नाही असं धरलं जाऊ शकतं. सामान्य माणसाने दरवर्षीचं व्याज दरवर्षी दाखवून मोकळं व्हावं. शेवटच्या वर्षी पाच वर्षांचं व्याज एकदम आलं तर वरच्या टप्प्यातही जाल.

गोव्यातल्या वाचकांसाठी एक वेगळी भानगड. पोर्तुगीज नागरी संहितेखाली येणाऱ्या पती-पत्नींमध्ये पगार सोडून बाकीचं उत्पन्न निम्मं-निम्मं वाटलं जातं. बँक टीडीएस एकाच्याच पॅनवर टाकते, उत्पन्न मात्र दोघांच्या रिटर्नमध्ये निम्मं जातं. आकडे न जुळणं ठरलेलंच. अशांनी आयटीआर-१ हा रिटर्नचा साधा फॉर्म भरायचा नसतो, आणि मोठ्या फॉर्ममध्ये ५ए चं परिशिष्ट भरायचं असतं, जोडीदाराचा पॅन देऊन. टीडीएसच्या तक्त्यातही जोडीदाराच्या वाट्याचा वेगळा रकाना आहे. मडगावच्या एका जोडप्याने तीन वर्षं हे न करता रिटर्न भरलं आणि तिन्ही वर्षं पत्रं आली. चूक एकच, तीच ती.

घर घेतलेल्यांनी एक बघावं. ५० लाख किंवा त्याहून अधिक किमतीचं घर घेताना खरेदीदाराला एक टक्का टीडीएस कापावा लागतो. तिथे विकणाऱ्याचा पॅन टाकताना चूक झाली तर त्याचं वर्ष तुमच्यामुळे नासतं, आणि फोन तुम्हाला येतात.

पोर्टलवरच्या एआयएस या वार्षिक माहितीपत्रकात भलताच आकडा दिसला, तुमचा नसलेला शेअरचा व्यवहार किंवा दोनदा मोजलेलं व्याज, तर तिथेच त्या ओळीवर फीडबॅक द्यायची सोय आहे. द्या, आणि त्याचा स्क्रीनशॉट ठेवा. पण एआयएसमध्ये नाही म्हणून खरं उत्पन्न गाळू नका. तो तुमचा हिशोब नाही, खात्याकडे पोचलेल्या चुगल्यांची यादी आहे.

रिफंड मंजूर, खात्यात आला नाही

'रिफंड फेल' हे शब्द वाचले की लोक खात्याला शिव्या देतात. बहुतेक वेळा दोष नावात असतो.

आपली नावं तीन भागांची. पॅनवर नाव, वडिलांचं नाव, आडनाव. बँकेत आडनाव आधी. आधारवर मधलं नाव एका आद्याक्षरावर आटपलेलं. लग्नानंतर आधार बदललं, पॅन माहेरचाच राहिला. दत्तात्रयच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये शेवटी 'ए' आहे की नाही, यावर एक रिफंड चार महिने अडकलेला मी पाहिलाय. खातं पोर्टलवर आधीच 'व्हॅलिडेट' करावं लागतं, आणि ते होताना बँकेतलं नाव पॅनशी पडताळलं जातं. तिथे लाल खूण आली तर पोर्टलशी भांडून उपयोग नाही, बँकेत जाऊन केवायसी दुरुस्त करा.

दुसरं कारण विलीनीकरण. देना बँक आणि विजया बँक १ एप्रिल २०१९ ला बँक ऑफ बडोदात गेल्या. वर्षभराने सिंडिकेट, आंध्रा, कॉर्पोरेशन, अलाहाबाद, ओरिएंटल, युनायटेड या बँकांचीही विलीनीकरणं झाली. ज्येष्ठांच्या पोर्टलवर अजून जुना आयएफएससी पडून असतो. तो बदला, पुन्हा व्हॅलिडेट करा, मग 'रिफंड रीइश्यू'ची विनंती टाका. विनंती टाकल्याशिवाय ते स्वतःहून परत पाठवतीलच असं धरून बसू नका.

तिसरं, पॅन-आधार जोडणी. जोडलेलं नसेल तर जुलै २०२३ पासून पॅन निष्क्रिय होतो, रिफंड थांबतो आणि टीडीएसही जास्त दराने कापला जातो. हजार रुपये भरून जोडता येतं. इथेही अडतं ते स्पेलिंग आणि जन्मतारखेवरच.

रिफंडासोबत थोडं व्याज आलं असेल तर ते पुढच्या रिटर्नमध्ये उत्पन्न म्हणून दाखवायचं असतं. हे दहातले नऊजण विसरतात.

रिफंड ठरलेल्यापेक्षा कमी आला तर कदाचित जुन्या वर्षाची मागणी त्यात वळती झालेली असते. 'माझी कसली मागणी?' असं वाटलं तर पोर्टलवर 'रिस्पॉन्स टू आउटस्टँडिंग डिमांड'च्या यादीत जाऊन वर्ष बघा. २०२४ च्या अंतरिम अर्थसंकल्पात २००९-१० पर्यंतच्या २५ हजारांपर्यंतच्या आणि २०१०-११ ते २०१४-१५ मधल्या १० हजारांपर्यंतच्या वादग्रस्त मागण्या मागे घ्यायचं जाहीर झालं होतं. त्यामुळे पुष्कळांची जुनी भुतं गेली.

रिटर्न भरलं, पण 'भरलं नाही' म्हणतात

पडताळणी राहिली. बस, एवढंच. रिटर्न सबमिट केल्यापासून ३० दिवसांत ई-व्हेरिफाय करायचं असतं. आधी १२० दिवस मिळत, ऑगस्ट २०२२ पासून ३०. आधारच्या ओटीपीने एका मिनिटात होतं. आधारला मोबाईल जोडलेला नसेल तर नेट बँकिंगने, नाहीतर आयटीआर-व्ही ही रिटर्नची पोच सही करून आयकर खात्याच्या बंगळुरूच्या केंद्राला (सीपीसी) पाठवून. तीस दिवस उलटले तर पडताळणीची तारीख हीच रिटर्न भरल्याची तारीख धरली जाते, म्हणजे शेवटची तारीख ओलांडली असेल तर विलंबशुल्क लागतं: उत्पन्न पाच लाखांपर्यंत असेल तर एक हजार, त्यापुढे पाच हजार.

किरकोळ रकमेची मागणी

हिशोब बरोबर, तरी दोन-तीनशे रुपयांचं पत्र. बहुतेकदा तारीख. महिन्याचा एक दिवसही व्याजासाठी पूर्ण महिना धरला जातो. ३१ जुलैला हिशोब काढला, पैसे १ ऑगस्टला गेले, की एक टक्का वाढला. टीडीएस वजा जाता १० हजारांहून जास्त कर निघत असेल तर तो वर्षभरात अॅडव्हान्स टॅक्सच्या हप्त्यांनी भरायचा असतो, १५ जून, १५ सप्टेंबर, १५ डिसेंबर, १५ मार्च, नाहीतर व्याज लागतं. साठीपुढच्यांपैकी ज्यांचा धंदा नाही त्यांना यातून सूट आहे, पण निवृत्त मंडळीच उगाच घाबरून भरत बसतात.

शेअरवाल्यांची मागणी मात्र किरकोळ नसते. नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर नाही, असं सगळ्यांनी ऐकलंय. पण ती सवलत शेअरच्या अल्पमुदतीच्या नफ्यासारख्या वेगळ्या दराच्या उत्पन्नावर मिळत नाही. त्यावरचा कर वेगळा भरावाच लागतो.

आणि खोटी पत्रं. रिफंड मंजूर झालाय, लिंकवर खाते क्रमांक टाका, असा मेसेज सीझनमध्ये आठवड्याला एक येतो. खात्याच्या खऱ्या पत्रावर डीआयएन नावाचा ओळख क्रमांक असतो आणि पोर्टलवर लॉगिन न करताही तो तपासता येतो. परवा मास्तर पुन्हा आले, असाच मेसेज घेऊन. रिफंड १५,४९० रुपये. "पण मला तर या वर्षी एक रुपयाही रिफंड नाही," ते म्हणाले. मग म्हटलं, हा डिलीट करा, चहा घ्या.